चौघींत एकच तिकीट

एकाच वसतिगृहात राहणाऱ्या चार मैत्रिणींना शनिवारची मॅच एकत्र बघायची आहे, असं समजू. तिकिटं कमी आहेत, म्हणून विद्यापीठानं सोडत ठेवली आहे. दर चार अर्जांमागे एक तिकीट आहे. चौघींनी आपापले अर्ज भरले. सोडतीत काही काळंबेरं नाही, कुणाचा वशिला नाही, प्रत्येकीला तिकीट लागण्याची शक्यता २५ टक्के. मग चौघींनाही तिकीट लागण्याची शक्यता किती? २५६ मध्ये १. नेमक्या एकीलाच लागण्याची शक्यता मात्र ४२ टक्के. एकीच्या हातात तिकीट आणि तिघी बाहेर, हेच सगळ्यात जास्त वेळा घडणार. जिला तिकीट लागलं तिलाही एकटीनं जायची हौस नसते. ती खुर्ची बहुधा रिकामी राहते, आणि ज्याला खरंच जायचं होतं असा कुणीतरी पाचवा खोलीत बसून टीव्ही बघतो.

२०२० च्या सप्टेंबरपासून अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना हे कोडं दर आठवड्याला सोडवावं लागलं. कोरोनाची साथ चालू होती, फुटबॉलचा हंगाम सुरू झाला होता आणि मैदानाच्या जेमतेम पाचव्या किंवा चौथ्या हिश्शात माणसं बसवायची परवानगी होती. तिकिटांची सोडत प्रामाणिक काढणं हा यातला सोपा भाग होता. चिठ्ठी कुणाच्या नावाची, एका चिठ्ठीवर किती तिकिटं आणि न येणाऱ्याचं काय करायचं, यावर खरं वाटप ठरत होतं.

लाखाच्या मैदानात वीस हजार

अमेरिकेतलं फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, फेकून आणि समोरच्याला आडवं पाडून खेळायचा हा खेळ विद्यापीठांच्या पातळीवर तिथं प्रचंड लोकप्रिय आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. टेक्सास ए अँड एमच्या काइल फील्डवर १,०२,७३३ लोक बसतात. यातला एक मोठा पट्टा विद्यार्थ्यांसाठी राखलेला असतो, आणि मैदानातला बहुतेक आवाज तिथूनच येतो.

२०२० मध्ये प्रत्येक गटानं आपापली वाट काढली. विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ या संघटनेनं ११ ऑगस्टला हंगाम पुढे ढकलला, सप्टेंबरच्या मध्यावर निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या शेवटी सामने सुरू केले. पण लोकांना तिकिटं विकलीच नाहीत, त्यामुळे मिशिगनचं ते अवाढव्य मैदान ओस पडलं. दक्षिणेतल्या ‘एसईसी’ या संघटनेनं २६ सप्टेंबरपासून प्रत्येक संघाचे फक्त आपसातले १० सामने खेळवले आणि मर्यादित प्रेक्षक येऊ दिले. अलाबामानं साधारण २० टक्के माणसं बसवली. तिथल्या सामन्यांची नोंदलेली उपस्थिती १९,४२४ होती. ए अँड एमनं सुरुवात २५ टक्क्यांच्या आसपास केली.

ही वीस-पंचवीस हजार तिकिटं सगळी विद्यार्थ्यांची नव्हती. विद्यापीठाला घसघशीत देणग्या देणारे, वर्षानुवर्षं हंगामाचा पास घेणारे, खेळाडूंचे आईवडील, बँडपथक, सगळ्यांचाच हक्क होता. इंडियानातल्या नोत्र दाम विद्यापीठानं मला सर्वांत सुसंगत वाटलेला निर्णय घेतला: ७७,६२२ क्षमतेच्या मैदानात साधारण २० टक्के लोक, आणि तेही विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी आणि खेळाडूंचे कुटुंबीय एवढेच. यामागे विद्यार्थ्यांवरचं प्रेम होतंच, पण साथीचा हिशेबही होता. जे लोक आठवडाभर एकाच आवारात वावरतात त्यांना शनिवारी एका मैदानात बसवल्यानं नवे संपर्क कमी घडतात. पाच राज्यांतून गाड्या करून येणाऱ्या पाहुण्यांबद्दल तसं म्हणता येत नाही.

सहा फुटांची पंगत

२० टक्के हा आकडा येतो कुठून? थोडा सरकारी आदेशातून आणि बराचसा बाकाच्या लांबीतून. या मैदानांत विद्यार्थ्यांना बसायला लांबलचक बाक असतात, आणि एका माणसाची जागा साधारण १८ इंच धरतात. दोन माणसांत ६ फूट, म्हणजे ७२ इंच, अंतर हवं असेल तर एक माणूस आणि मग तीन रिकाम्या जागा सोडाव्या लागतात. मागच्या-पुढच्या ओळींत २ फूट अंतर धरलं तर प्रत्येक तिसरीच ओळ वापरता येते. चारातली एक जागा, तीनातली एक ओळ: बारा जागांमागे एक माणूस. म्हणजे जेमतेम ८ टक्के.

आता लग्नातली पंगत डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पाहुण्याला दुसऱ्यापासून लांब बसवायचं म्हटलं तर मांडव अर्धाही भरणार नाही. पण एका घरातली माणसं खेटून बसली आणि फक्त दोन घरांच्या मध्ये पाट रिकामे ठेवले, तर त्याच मांडवात कितीतरी जास्त पानं उठतात. मैदानातही हेच झालं. चार जणांचा गट एकत्र बसवला की त्यांच्या ४ जागा आणि पुढच्या ३ रिकाम्या अशा सात जागांत चार माणसं मावतात. तिसरी ओळ धरून हिशेब केला तर १९ टक्के येतात. दोघांचे गट केले तर १३ टक्के.

चौघांना एकत्र बसवल्यानं मैदानाची क्षमता ८ टक्क्यांवरून १९ वर गेली, म्हणजे दुपटीहून जास्त झाली. त्यामुळे गटानं तिकिटं देणं ही नुसती मुलांची हौस पुरवणं नव्हतं, जागा त्यातूनच निर्माण होत होती. गट आणखी मोठे केले तर? सहा जणांना २२ टक्के, आठ जणांना २४. फायदा लवकरच आटतो, आणि गटातला एकजण आजारी निघाला तर खेटून बसलेले सातजण धोक्यात येतात. म्हणून चारच्या आसपास थांबणं शहाणपणाचं होतं.

पण यातून एक अवघड प्रश्नही उभा राहिला. एकट्या विद्यार्थ्याला बसवायला बाकावरच्या चार जागा लागतात, चौघांच्या गटातल्या प्रत्येकाला पावणेदोन. पहिल्या वर्षाला नुकताच आलेला, अजून कुणाशी मैत्री न झालेला मुलगा ‘महाग’ ठरतो. मग त्याला कमी संधी द्यावी का? माझ्या मते नाही. त्या वर्षी वर्ग पडद्यावर भरत होते, जेवणघरात एकत्र बसायला मनाई होती. एकटा पडलेला मुलगा हा साथीनंच घडवलेला होता, त्याची किंमत पुन्हा त्याच्याकडूनच वसूल करणं बरं नव्हे.

रांग, वेग आणि ज्येष्ठता

सोडतीआधीचा जुना मार्ग म्हणजे रांग. टेक्सास ए अँड एममध्ये याला परंपरेचं रूप आलं आहे. सामन्याच्या आठवड्यात विद्यार्थी काइल फील्डच्या खिडक्यांपाशी तिकिटं घ्यायला जमतात, मोठ्या सामन्यासाठी तंबू ठोकून रात्र काढतात. सोमवारी शेवटच्या वर्षाचे आणि पदव्युत्तर विद्यार्थी, मग दररोज एकेक वर्ष खाली. एकजण मित्रांचे पास गोळा करून सगळ्यांची तिकिटं एकत्र काढू शकतो. महाराष्ट्रातून तिथं एम.एस. करायला गेलेल्या मुलामुलींना या नियमानं पहिल्या दिवसाचा मान मिळतो, मग त्यांना या खेळाचे नियम कळत असोत वा नसोत.

रांगेत एक गुण आहे: ज्याला जास्त हवं आहे तो जास्त वेळ उभा राहतो. दोषही तोच आहे. ज्याची नोकरी आहे, प्रयोगशाळेची पाळी आहे, त्याची इच्छा कमी असते असं नाही, त्याचा वेळ त्याच्या हातात नसतो. साथीत तर तंबूंची रांग म्हणजे संसर्गाला आवतणच, त्यामुळे रांग इंटरनेटवर हलवण्याचा विचार साहजिक होता. मात्र ‘सकाळी १० वाजता खिडकी उघडेल, पहिला येईल त्याला तिकीट’ या पद्धतीत रांगेचा गुण उरत नाही आणि दोष वाढतात. हजारो जण एकाच सेकंदाला बटण दाबतात तेव्हा निकाल इच्छेवर लागत नाही, वायफायच्या वेगावर लागतो. ही सोडतच असते, फक्त चांगल्या लॅपटॉपवाल्याच्या बाजूला झुकलेली.

ज्येष्ठतेचा नियम वेगळा विचार मागतो. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी संधी नाही, पहिल्या वर्षाच्याला अजून तीन हंगाम आहेत. सामान्य वर्षांत हा नियम मला न्याय्य वाटतो, कारण आज मागे राहणारा उद्या पुढे येतो. पदवीचे सगळे विद्यार्थी चार वर्षांत सारखाच लाभ घेऊन बाहेर पडतात.

चिठ्ठी कुणाच्या नावाची?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. सोडत ठेवायची ठरवलं आणि मित्रांना एकत्र जाऊ द्यायचंही ठरवलं. सगळ्यात सोपा नियम असा सुचतो: प्रत्येक विद्यार्थ्यानं अर्ज करावा आणि अर्जात ४ पर्यंत तिकिटं मागावीत. नाव निघालं की चारही तिकिटं त्याला. नाटकांच्या, सहलींच्या, राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशाच्या कितीतरी सोडती असाच नियम वापरतात.

तो लागू होताच सगळे चार तिकिटं मागतात, कारण कमी मागितल्यानं नाव निघण्याची शक्यता वाढत नाही. शिवाय चारजणांच्या गटातले चौघेही अर्ज करतात, कारण चौघांपैकी कुणाचंही नाव निघालं तरी काम होतं. पुढे काय होतं ते चौकटीत मांडलं आहे.

> चौकट: एक हजार गट, एक हजार तिकिटं
>
> समजा चौघाचौघांचे १,००० गट आहेत, म्हणजे ४,००० विद्यार्थी, आणि तिकिटं १,०००. प्रत्येकजण ४ तिकिटं मागतो. तिकिटं संपेपर्यंत २५० नावं निघतील.
>
> ही २५० नावं २५० वेगळ्या गटांतली नसतील. काही गटांत दोन नावं निघतील. हिशेब केला तर सुमारे २२८ गटांना तिकिटं लागतात आणि २२ च्या आसपास नावं दुबार ठरतात. त्यांची ९० तिकिटं जास्तीची होतात.
>
> तिकिटं २,००० असती तर सुमारे ४१४ गटांना लागली असती, आणि जास्तीची तिकिटं ३४० च्या वर गेली असती. तिकिटं वाढली तशी नासाडीही वाढली.
>
> आता १,००० तिकिटांच्या सोडतीत एका एकट्या विद्यार्थ्याचा अर्ज घाला. त्याचं नाव निघण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या थोडी वर. चौघांच्या गटातल्या कुणाचीही मॅच बघण्याची शक्यता जवळजवळ २३ टक्के.

त्या शेवटच्या ओळीकडे नीट बघावं. प्रत्येक नावाला सोडतीत सारखीच संधी होती, तरीही मित्र असलेल्याला एकट्यापेक्षा साडेतीनपटीहून जास्त संधी मिळाली. नियम लिहिणाऱ्याच्या मनात कुणाला डावलायचं नव्हतं, चिठ्ठीची रचनाच तशी होती.

इलाज सरळ आहे. अर्ज गटाचा घ्यायचा. चौघांनी आपले ओळखक्रमांक एका अर्जावर लिहायचे, एक विद्यार्थी एकाच गटात, आणि एका गटाची एकच चिठ्ठी, मग गट एकाचा असो की चौघांचा. चिठ्ठ्या फिरवून क्रम लावायचा आणि वरून तिकिटं वाटत यायचं. आता एकट्यालाही तीच संधी आणि चौघांनाही तीच. दुबार नाव निघण्याचा प्रश्नच येत नाही. निक आर्नोस्टी आणि कार्लोस बोनेट या अभ्यासकांनी अशा ‘एकत्र अनुभवायच्या’ गोष्टींच्या सोडतींचा गणिती अभ्यास केला आहे, आणि गटाची सोडत कार्यक्षमता व न्याय या दोन्ही कसोट्यांवर आदर्शाच्या फार जवळ जाते असं दाखवलं आहे.

गटातल्या सगळ्यांची ओळख तपासणं जमत नसेल तर त्यांनी दुसरा तोडगा सुचवला: जो जास्त तिकिटं मागेल त्याच्या चिठ्ठीचं वजन तेवढ्या पटीनं कमी करायचं. एक मागणाऱ्याची पूर्ण चिठ्ठी, चार मागणाऱ्याची पाव. त्यानं दुबार नावांचा त्रास पूर्ण जात नाही, पण एकट्यावरचा अन्याय जातो. विद्यापीठांकडे मात्र प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक आधीच असतो, त्यामुळे त्यांना पहिला मार्गच जास्त सोयीचा.

एक बारीक अडचण उरते ती तळाशी. वाटप करत खाली आलो, ३ तिकिटं शिल्लक आहेत आणि पुढची चिठ्ठी चौघांची आहे. त्यांना तीनच दिली तर गट मोडतो. त्यांना ओलांडून पुढच्या दोघांना दिली तर मोठ्या गटांवर किंचित अन्याय होतो. हजारो तिकिटांत हा फरक नगण्य आहे, पण नियम आधी लिहून जाहीर केलेला हवा. नाहीतर नेमक्या त्या तीन तिकिटांवरून सगळ्या सोडतीवर संशय येतो.

पाच सामने, पाच सोडती

‘एसईसी’च्या १० सामन्यांपैकी सहसा ५ घरच्या मैदानावर होते. प्रत्येक सामन्याची वेगळी सोडत काढली आणि दरवेळी शक्यता २५ टक्के असली तर हंगामाच्या शेवटी चित्र कसं दिसेल? जवळजवळ २४ टक्के विद्यार्थ्यांना एकही सामना मिळत नाही, आणि ३७ टक्क्यांना दोन किंवा जास्त मिळतात. खरं तर तिकिटं एवढी होती की प्रत्येकाला एक देऊनही काही उरली असती. प्रत्येक सोडत न्याय्य, पण पाचांची बेरीज नाही.

सगळ्यांना आळीपाळीनं एकेक सामना देणं हा एक मार्ग. पण सामने सारखे नसतात. कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्धची मॅच आणि तळाच्या संघाविरुद्धची मॅच यांत जमीन-अस्मानाचा फरक. मग विद्यार्थ्यांना निवडू द्यावं: क्रम लावून पहिल्या फेरीत प्रत्येकानं एक सामना घ्यायचा, दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. ऐकायला छान वाटतं, पण यात डावपेच शिरतात. माझा आवडता सामना फारसा कुणाला नको असेल, तर मी तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवून पहिल्या फेरीत दुसराच मोठा सामना उचलीन. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये विषयांची निवड याच पद्धतीनं होत असे. एरिक ब्युडिश आणि एस्तेल कँटिलॉन यांनी तिचा अभ्यास केला तेव्हा विद्यार्थी खरी पसंती लपवून चाली रचतात आणि त्यात एकूण नुकसान होतं असं आढळलं.

मला यातला साधा उपाय जास्त पटतो. ज्याला एकदा तिकीट लागलं त्याची चिठ्ठी पुढच्या सोडतींत, एकही न मिळालेल्यांच्या मागे जाते. कुणी पहिल्या लहान सामन्याला अर्जच न करता मोठ्यासाठी थांबेल, ते त्यानं खुशाल करावं. ती लबाडी नाही, आपल्याला काय जास्त हवं आहे हे सांगण्याची ती पद्धत आहे.

तिकीट परत करणाऱ्याचं काय?

तिकीट लागूनही न येणारे नेहमीच असतात. एरवी त्यांना दंड लावून किंवा पुढच्या वेळी मागे टाकून शिस्त लावता येते. साथीत हाच नियम घातक ठरतो, कारण न येण्याचं कारण ताप असू शकतं. तिकीट जाईल आणि पुढचंही जाईल अशी धास्ती असेल तर मुलगा ताप लपवून मैदानात येईल.

ही नुसती शंका नव्हती. टेक्सास विद्यापीठानं १२ सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याआधी तिकीटधारक विद्यार्थ्यांना चाचणी सक्तीची केली. १,१९८ जणांची चाचणी झाली, त्यांतले ९५ बाधित निघाले. दर तेरा जणांमागे जवळजवळ एक. चाचणी नसती तर हे सगळे बाकावर असते. अशा वेळी नियम उलटा हवा: चाचणीत बाधित निघून घरी थांबलेल्याला पुढच्या सामन्याच्या सोडतीत सगळ्यांच्या पुढे घ्यावं. खरं सांगण्यात तोटा नाही याची खात्री असेल तरच मुलं खरं सांगतात. त्याच्या गटातले उरलेले तिघेही त्याच्या सहवासातले, म्हणून तेही थांबले पाहिजेत आणि त्यांनाही तीच सवलत मिळाली पाहिजे. चौघांची सुटलेली तिकिटं एकत्रच प्रतीक्षायादीतल्या पुढच्या गटाला जातात. गटानं वाटप केल्याचा हा आणखी एक फायदा.

फाटकाच्या आत

७ नोव्हेंबर २०२० ला नोत्र दामच्या मैदानावर देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या क्लेमसनचा संघ आला. उपस्थिती ११,०११. निकाल दुसऱ्या जादा वेळेत लागला, नोत्र दाम ४७-४० नं जिंकलं, आणि विद्यार्थी कठडे ओलांडून मैदानावर धावले. गट, मधल्या रिकाम्या जागा, सगळं काही क्षणांत एका गर्दीत मिसळलं. टीव्हीवर देशानं ते बघितलं. त्या वयाच्या मुलांनी, तशा वर्षात, तसा विजय बघून धावत सुटणं मला समजू शकतं. पण सहा फुटांचा हिशेब बसून राहणाऱ्या माणसांचा होता, उठून धावणाऱ्यांचा नव्हता.

तिकीट वाटणाऱ्याच्या हातात शिस्तीचं एकच साधन असतं: पुढचं तिकीट. नियम मोडलास तर पुढच्या सोडतीत नाव नाही. नोत्र दाममध्ये त्या दिवशी हे साधनच उरलं नव्हतं. साथीमुळे सत्र लवकर सुरू करून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच संपवायचं ठरलं होतं, आणि घरच्या मैदानावरचा पुढचा सामना होता ५ डिसेंबरला, मुलं आपापल्या घरी गेल्यानंतर. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स यांना दुसऱ्याच हत्याराकडे वळावं लागलं. घरी जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्यानं चाचणी करून घ्यायची, आणि जो करणार नाही त्याची पुढच्या सत्राची नोंदणी रोखली जाईल, असं त्यांनी विद्यार्थ्यांना कळवलं.